डुप्लिकेट

१२ फेब्रुवारी २०१६

कंबर कामातून गेली. देवळाईच्या विहिरीवर टँकर भरायला नंबर लावा, भरा, सोसायटीत रिकामा करा, परत नंबर लावा. मालक काकासाहेब म्हणतात, दुष्काळ म्हणजे आपला सीझन. त्यांचा असेल.

घरी आलो तर दारात दोन मोठ्या गाड्या. वाटलं, प्लॉटवाल्यांनी पुन्हा पोलीस आणले. बापू आणि माय दिवाळीपासून मेंढरं घेऊन आमच्याकडे आलेत. गावाकडं पिशोरला चारा नाही, पाणी नाही. इथं बीड बायपासच्या मागे रिकामे प्लॉट आहेत, तिथं चारतात. चारतात म्हणजे काय, काटे आणि कागदच खातात बिचारी. निम्म्या प्लॉटांना कंपाउंड झालंय, उरलेल्यांवर बिल्डरच्या पाट्या. रोज कुणीतरी येऊन हाकलतं.

पण हे सिनेमावाले निघाले! मुंबईचे. त्यांच्या सिनेमाची गोष्ट अशी, की मेंढपाळाचं पोरगं शहरात येतं आणि बॅले नावाचा परदेशी नाच शिकतं. त्यासाठी मेंढरं भाड्यानं पाहिजेत. बापूंनी बजावलं, "मेंढरं नाचायची नाय. आधीच सांगतो." ते लोक हसले. बापू हसले नाहीत.

१५ फेब्रुवारी

मेंढरांबरोबर आमच्या बिभीषणलाही घेतलं! झालं काय, कोकरू काखेत मारून त्यानं कंपाउंडवरून उडी टाकली आणि खाली आला तर आवाज नाही. सिनेमात नाच शिकवणाऱ्या मॅडम, दीपमाला नाव, तिथंच उभ्या होत्या. त्यांनी पुन्हा उडी मारायला लावली. मग पुन्हा. मग नुसत्या त्याच्या पायांकडे बघत राहिल्या. असिस्टंट मला म्हणाला, हीरोचं थोडं काम हा करेल, हाईट सेम आहे. रोज संध्याकाळी शिकवणार. नववीची परीक्षा एप्रिलमध्ये आहे म्हणालो, तर सांभाळून घेतो म्हणाले.

पोरगं सिनेमात! विहिरीवर सगळ्यांना सांगून टाकलं. सगळ्यांनी माझ्याकडून चहा उकळला.

२१ फेब्रुवारी

बापूंना 'बॅले' ऐकूच येत नाही. ते 'बेल' म्हणतात. त्यांच्या हिशेबानं हा बेलाचा नाच, म्हणजे महादेवाचा, म्हणजे आपल्या खंडोबाचाच. आमच्यात बेल-भंडार उचलला की शपथ झाली. मग मागं फिरायचं नसतं. बिभीषण शिकायला निघाला की बापू त्याच्या कपाळाला भंडारा लावतात आणि तो तसाच पिवळ्या कपाळानं जातो. मी दोनदा समजावलं, मग नाद सोडला. एवढी ताकद कुणात आहे?

माय म्हणते, तुझा आजा ढोलावर नाचायला उतरला की जत्रेतली माणसं खरेदी सोडून यायची, तुलाच कसं काही आलं नाही. मला गियर टाकता आलं. तेवढ्यावर संसार चाललाय.

४ मार्च

बायपासचं मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन तिथं शिकवतात. आज टँकर बाहेर लावला आणि आत डोकावलो. भिंतीला आडवा पाइप ठोकलाय, तो धरून पोरं उभी. मुंबईचा हीरो पोरगा खुर्चीत मोबाइल बघत बसलेला. आमचा बिभीषण टाचा वर, मान ताठ. घरी साधं ताट उचलायला याला दहा हाका माराव्या लागतात. इथं मॅडम नुसतं बोट वर करतात आणि हा पाय वर करतो. मग त्यांनी पियानो लावला आणि हा हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उड्या घेत गेला.

लाज वाटेल या भीतीनंच गेलो होतो. चुलतभाऊ काय म्हणतील, 'नाच्या' म्हणतील, हेच डोक्यात. लाज नाही वाटली. दाराशी उभाच राहिलो. तेवढ्यात सोसायटीतून फोन, पाणी कुठंय. निघालो.

११ मार्च

बिभीषणच्या पायाची बोटं सुजलीत, नखं काळी पडलीत. बापूंनी पाय मांडीवर घेतला, बोटं फाकवून बघितली आणि निदान केलं — खुरी! मेंढरांच्या खुरांना होते ती. मग मेंढरांचंच औषध, मोरचुदाचं पाणी. त्यात पाय बुडवून बसवलं. आता पोरगं निळे पाय घेऊन हिंडतंय. माझ्या बायकोनं, शालूनं, नंतर गरम पाण्यात मीठ टाकून ते धुतले. तांब्या-तांब्यानं ओतत होती. पाणी काय आभाळातून येतं का, म्हणून मी ओरडलो तिच्यावर. तिनं आणखी एक तांब्या ओतला.

२४ मार्च

धुळवड. कोरडी. मला सुट्टी नाही.

२ एप्रिल

दीपमाला मॅडम घरी आल्या. आमच्या पलंगावर बसल्या, मायच्या हातचा गूळचहा प्यायल्या. म्हणाल्या, शूटिंग संपलं तरी हे थांबवू नका. मुंबईला त्यांची संस्था आहे. राहणं, जेवण, शाळा, सगळं त्या बघणार. जूनमध्ये शाळा उघडायच्या आत पाठवा म्हणाल्या. या वयात अंग वळतं, नंतर नाही वळत.

मी सांगितलं, आधी दहावी, मग आयटीआय, मग वाळूजला एखाद्या कंपनीत परमनंट, असं आमचं ठरलंय. मॅडम म्हणाल्या, कुणाचं ठरलंय? मी म्हणालो, घरच्यांचं. शालू दारात उभी होती, ती कपबश्या गोळा करून आत गेली.

बिभीषण माझ्याकडे बघत होता. हो म्हणावं असं फार वाटलं. पण एकदम हो म्हणायची सवय नाही. विचार करून सांगतो म्हणालो.

९ एप्रिल

सकाळी काकासाहेबांचा फोन — आजची गाडी सोसायटीला नको, सिनेमाला न्यायची. पावसाचा सीन आहे! डोंगराच्या पायथ्याशी लोखंडी खांबांवर फवारे लावलेले. माझं पाणी त्यांनी पंपानं वर चढवलं आणि पाऊस पडला. तिकडे लातूरला रेल्वेनं पाणी न्यायचं चाललंय आणि इकडे मी पाऊस पाडतोय. सोसायटीतल्या लीलाबाईंचे फोनवर फोन. उचलले नाहीत. काय सांगणार होतो?

मग त्या पावसात आमचा बिभीषण आला. अनवाणी, चिखलात. पळत आला, उडाला, आणि वरच थोडा थांबल्यासारखा वाटला. नंतर एका पायावर अशी गिरकी घेतली की पाणी चहूबाजूंनी फेकलं गेलं. बापू बिडी विझवून उभे राहिले. संपल्यावर टाळ्या पडल्या. शेजारी एक लाइटवाला होता, त्याला न राहवून सांगितलं, माझा मुलगा आहे. छाती फुगली होती, खोटं कशाला लिहू.

तो म्हणाला, "अच्छा! डुप्लिकेट आपका लडका है?"

मला आधी कळलंच नाही. मग दिसलं. मुंबईचा पोरगा छत्रीखालून आला, बिभीषण उभा होता त्याच जागी उभा राहिला. त्याच्या तोंडावर मगानं पाणी मारलं, कॅमेरा जवळ नेला. तो हसला. झालं. पाय बिभीषणचे, पाठ बिभीषणची, उड्या बिभीषणच्या — तोंड त्याचं. हीरोचं थोडं काम म्हणजे हे! मागून कुणीतरी ओरडलं, "डुप्लिकेट को टॉवेल दो."

आमच्या धंद्यात डुप्लिकेट म्हणजे काय ते आमच्या गॅरेजवाल्या सांडू मिस्त्रीला विचारा. डुप्लिकेट पार्ट, वरून चकाचक आणि भर घाटात दगा देणारा. शिवी आहे ती. माझ्या टँकरच्या पाण्यात, माझ्या देखत, माझ्या पोराला दिली. आणि विहिरीवर मी सगळ्यांना चहा पाजलाय.

१० एप्रिल

मॅडमना फोन करून नाही म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, सिनेमात तसंच म्हणतात, त्यात अपमान नसतो. मुंबईला माझ्याकडे तो कुणाचाच डुप्लिकेट नसेल. मी म्हणालो, आमची पोरं कुठंही गेली तरी त्यांचे हातपायच वापरतात. फोन ठेवून दिला.

बिभीषण म्हणाला, "पप्पा, मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला तोंड दाखवून काय करायचंय?"

मी हात उगारला. मारलं नाही. पण उगारला.

मग बापू भडकले. पोरानं बेल उचललाय, तो मोडणारा तू कोण? शेवटी मीही ओरडलो, की अहो तो बेल नाही, बॅले आहे, गोऱ्या लोकांचा नाच आहे, खंडोबाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही! बापूंनी खाली बसून बिडी पेटवली. मला वाटलं, चला, एकदाचं डोक्यात शिरलं.

म्हणाले, "नाचताना मी बघितलंय त्याला. संबंध हाय."

१७ एप्रिल

सिनेमावाले गेले. मंगल कार्यालयात आज लग्न होतं. पाणी मीच टाकलं.

२ मे

परीक्षा संपल्यात. बिभीषणला सुट्टीपुरता टँकरवर क्लीनर घेतलाय. पाइप ओढतो, झाकण लावतो, विचारलं तेवढंच बोलतो. उलट उत्तर नाही, हट्ट नाही. विहिरीवर कुणीतरी म्हणालं, हीरो, जरा नाचून दाखव की. हा म्हणाला, विसरलो.

मॅडमचा फोन येतो. मी कट करतो. जून सुरू झाला की विषय आपोआप मिटेल.

१९ मे

ऊन मी म्हणतंय. बापूंची दोन मेंढरं गेली.

एक गोष्ट लिहून ठेवतो. आज बिभीषण पाइप ओढत माझ्यापुढे चालला होता. टाचा घासत, पाठीत वाकून. अगदी माझ्यासारखा. वॉचमन म्हणालासुद्धा, पोरगं बापावर गेलंय. मला पाहिजे होतं तेच झालं की! मग केबिनमध्ये बसून मला रडू का यावं?

नाही म्हणून बसलोय. आता हो कसं म्हणतात ते मला येत नाही. बापासमोर, पोरासमोर, विहिरीवरच्या लोकांसमोर. दमलोय फार.

२७ मे

शालूला म्हणालो, पोरगं नीट जेवत नाही. ती म्हणाली, बघते. एवढंच.

३ जून

खेपा उरकून घरी आलो तर बिभीषण नाही, शालूही नाही. माय म्हणाली, भाकरी झाकून ठेवल्यात, जेव. बापू माझ्याकडे बघेनात. मग शालूचा फोन आला, मागे गाड्यांचा गोंगाट. मुंबईला पोचलो, त्याला मॅडमकडे सोडलं, मी परवा येते. मी ओरडलो, मी नाही म्हणालो होतो ना?

"तुम्ही म्हणालात," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नव्हतं."

खरंच, नव्हतं विचारलं. पोटभर जेवलो.