गालातला चट्टा आणि बहुमत

न्हावरे,
१४ फेब्रुवारी १९९९

आमचे मेहुणे मारुतराव यांस आनंदरावाचा रामराम पोचावा. तुमचा गुडघा, अंजनावहिनींचा दमा आणि नवी म्हैस, सगळी मंडळी ठीक असतील अशी आशा. इकडे तुमची बहीण विठाबाई ठणठणीत असून माझ्याविषयीचे तिचे मत पूर्वीचेच आहे.

मंगळवारी मी दौंडात येऊन तुमच्या घरावरून तोंड लपवून गेलो, अशी तुमची तक्रार कानावर आली. खरी आहे. तोंड लपवण्याचेच काम होते. डाव्या गालात आतून पांढरा चट्टा पडला आहे (तंबाखूचा बार जिथे वर्षानुवर्षे मुक्कामाला, नेमका तिथेच). तिखट लागले की डोळ्यांतून पाणी येते आणि वहिनी मटणाशिवाय सोडायच्या नाहीत, म्हणून घर टाळले. शिरूरच्या डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले आणि म्हणाले, तंबाखू आजपासून बंद, आणि पुण्याला जाऊन तुकडा काढून तपासून घ्या. आता, असल्या दुखण्याला लोखंड लागले की ते चवताळते असे आपल्याकडे सगळेच म्हणतात. तेव्हा एकाच्या सांगण्यावर निर्णय नको असे मी ठरवले. दूध सोसायटीत इतकी वर्षे संचालक म्हणून काढली, इथेही बहुमत घ्यायचे.

ज्ञानदेव न्हाव्याने दाढी करता करता गाल उलटा करून पाहिला. म्हणाला, "काय न्हाई आण्णा, उष्णता हाय. सब्जा खावा." धुरपदामावशींनी न बघताच दृष्ट काढली. टपरीवाल्याच्या मते चुना जास्त झाला (हे मत त्याच्या धंद्याच्या सोयीचे आहे, पण निवडणुकीत कुणाचे नसते). झाले तीन विरुद्ध एक. तरी जेवण जाईना. शिकलेले एखादे मत आपल्या बाजूला असावे म्हणून दौंड गाठले, कारण तिथे मला कुणी ओळखत नाही (असा माझा समज होता).

दौंडच्या डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या, स्नेहलच्याच वयाच्या. त्यांनी माझी तीन बोटे उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दीडच गेले. सभेत तासभर बोलणारे हे तोंड, मारुतराव, आता दीड बोट उघडते. शिरूरचे मी काहीच सांगितले नव्हते. तरी त्या म्हणाल्या, "काका, तुकडा काढायला आधी कुणीतरी सांगितलंय ना? नाहीतर न्हावऱ्याहून इतक्या लांब आला नसता." मग हळू म्हणाल्या, "तुकड्यानं पसरत नाही. उशीर केला की पसरतं." परतीच्या एसटीत बसून मी पुन्हा मते मोजली. बहुमत अजून माझ्याच बाजूने आहे, तीन विरुद्ध दोन.

थोरांना नमस्कार, म्हशीला वैरण.

आपला,
आनंदराव

ता. क. यातले एक अक्षर विठाबाईला कळू देऊ नका.

दुसरा ता. क. तिला कळले आहे. हल्ली माझ्या ताटात भाकरी दुधात कुस्करून येते, आमटीत मिरची नसते, आणि ती स्वतःही तेच खाते. विचारले तर म्हणते, दात दुखतोय.

तिसरा ता. क. गुरुवारी पुण्याला तुकडा द्यायला जायचे आहे. तिला नेले असते, पण तिच्यासमोर मला घाबरता येत नाही. तुम्ही या.