गिअरचा हात

१२ जानेवारी
जव्हारला फिजिओ मॅडमकडे पहिला दिवस. नाशिकच्या आहेत, माझ्या न् सुमनच्या मुलीच्या वयाच्या. डोक्याला जड चष्मा बांधला, व्हीआर म्हणतात. आत तळं, वर पिवळे फुगे. हाताने फोडायचे, हाच व्यायाम. उजव्याने पटापट फोडले. डावा मांडीवरच. भातकापणीत लकवा मारला तेव्हापासून तसाच पडून आहे. डावा म्हणजे गिअरचा हात. मोखाड्याच्या घाटात एसटी चालवणाऱ्याला त्याच्याशिवाय...
साखरशेतला घरी आल्यावर जेवलो नाही. सुमनने ताट झाकून ठेवलं.

१९ जानेवारी
भोये आला होता. माझ्या गाडीवरचा कंडक्टर, किती वर्षांची सोबत. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. सुमन म्हणाली, "झोपलेत." ओट्यावर बसून चहा घेतला न् गेला. त्याला कळलं असणार.

२५ जानेवारी
आज चष्म्यात डावा हात वर गेला. थेट डोक्यापर्यंत. फुगा फुटला. चष्मा काढून बघतो तर हात मांडीपासून जेमतेम सुटलेला.
मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही थोडा हलवला की आत जास्त हललेला दिसतो. मुद्दाम तसं ठेवलंय. मेंदूला उमेद येते."
"म्हणजे खोटं."
"हलला ते खरं. दिसला तेवढा नाही."
राग आला. म्हटलं, घाटात असं खोटं दिसलं तर गाडी दरीत जाईल. आता येणार नाही.

८ फेब्रुवारी
गेलोच नाही. दाढी नाही, कुणाशी बोलणं नाही. सुमन अंघोळ घालते, कपडे चढवते, पाणी भरते. आज मला उठवताना तिच्या कमरेत उसण भरली. तरी भिंतीला टेकून भाकरी केल्या.

१० फेब्रुवारी
तिला दाखवायला जव्हारला. मला एकट्याला घरी ठेवायला तयार नव्हती. मॅडमनी मला काही विचारलं नाही. तिची कंबर शेकली, मग खुर्चीत बसवून चष्मा लावला. आत नुसतं रान. बघत सावकाश श्वास घ्यायचा. हात मांडीवर उघडे टाकून बसली. इतकी स्वस्थ बसलेली कधी बघितली, आठवत नाही. थोड्या वेळाने चष्म्याखालून गालावर पाणी आलं.
परतताना जीपमध्ये विचारलं, काय दिसलं.
"झाडंच. कोणी हाक मारत नव्हतं."


११ फेब्रुवारी
अंघोळ स्वतः केली. एका हाताने. पाठ कोरडीच राहिली. सुमन दारापाशी उभी होती, आत आली नाही.

१७ फेब्रुवारी
पुन्हा चष्मा. मॅडमना म्हटलं, हात आहे तेवढाच दाखवा. त्यांनी तसं केलं, फुगे खाली आणले. घामाघूम झालो. हात वीतभर वर आला. एक फुटला. लहानसा, पण माझ्या हाताने.
येताना डेपोत गेलो. भोये बाकावर. म्हणाला, "ड्रायव्हर, दाढी केली तुम्ही." जागा करून दिली. बराच वेळ बसलो. बरं वाटलं. काय बोललो ते आता आठवत नाही.

४ मार्च
उद्या तपासणी. गाडी द्यायची की बसून काम, ते एसटीचे डॉक्टर ठरवणार. चष्माही महिनाअखेर दुसऱ्या तालुक्यात जाणार. मॅडम म्हणतात, हात आता त्याच्याशिवायही चालवत राहा.
दुपारी भोयेने डेपोतल्या उभ्या गाडीत बसवलं. पहिला गिअर पडला. दुसरा नाही पडला. पुन्हा करून बघितलं. नाही.
संध्याकाळी सुमनने विचारलं, "नाही म्हणाले तर?"
"भीती वाटते," म्हटलं. लकवा मारल्यापासून हे कुणाला बोललो नव्हतो.
"मला पण." ती उठली, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसली.
सकाळी पहिल्या गाडीने निघायचं. कोण ड्रायव्हर आहे, विचारलं नाही.