बाबाच्या नावाचा दगड

चंद्रपूर, डिसेंबर १९९८

लालसूभाऊले आन् मायले रुखमाचा जोहार.

मी होस्टेलात बरी आहो. जेवण चांगलं भेटते. मायले सांग, काळजी करू नोको.

बाबा गेल्याचा निरोप मले माती झाल्यावर भेटला. मी रडली नाई. दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेली. समाजशास्त्राचे सर संस्कृती शिकवून राह्यले होते, रूढी म्हणजे काय, मूल्य म्हणजे काय. मंग त्याहीनं मलेच उभं केलं. "तुमच्या गावात माणूस गेल्यावर काय करतात, सांग."

मी सांगितलं. मोहाच्या झाडाखाली माती देतो. मंग सारं गाव जंगलातून दगड आणते आन् त्याच्या नावानं उभा करते. पोरींनी वहीत लिहून घेतलं. सर म्हणाले, "छान उदाहरण दिलंस." त्याहीले बाबाचं माहीत नाई. मी खाली बसली. काहीच वाटलं नाई.

मायले झोप लागते का? बैलाईले चारा कोण टाकते?

सर म्हणतात, रूढी माणसाले माणसाशी बांधून ठेवते. पेपरात मी तसंच लिहीन. पण भाऊ, दगडाचा दिवस मी आल्यावरच धरा. सगळ्यांसंगं मलेही त्याले हात लावू द्या. मंग कदाचित मले रडू येईल.

तुमचीच,
रुखमा