बसक्या नाकांचं खानदान

२ मार्च
कुत्रं घोरायला लागलं की माणसांना हसू का येतं? आज मीसुद्धा हसले. प्राण्यांची डॉक्टर म्हणून नोकरीचा पहिला दिवस. आई फोनवर म्हणाली, आपल्या घरातली पहिली पदवी तुझी, मग पेशंट चार पायांचे का असेनात. जागा छान आहे: धुतलेल्या फरशा, सगळीकडे एसी, राहायला मागची खोली. मालकीणबाई बसक्या नाकाच्या कुत्र्यांची पैदास करतात. मला ‘डॉक्टरीणबाई’ म्हणतात आणि सगळ्यांना बजावतात, हिला चहा आधी द्या, शिकलेली आहे. थोरली नावाची वयस्क मादी माझ्या पायावर हनुवटी टेकून बसली. गाभण आहे.

५ मार्च
थोरली आडवी होऊन झोपत नाही. बसल्या बसल्या, तोंडात रबरी चेंडू धरून डुलक्या काढते. चेंडू निसटला की जबडा मिटतो आणि श्वास अडतो. बाई गिऱ्हाइकांना हेच कौतुकाने दाखवतात: बघा, बाळ खेळता खेळता झोपलं. गिऱ्हाइकं फोटो काढतात. हीच माणसं स्वतःच्या पोराला नुसती सर्दी झाली तरी दवाखाना डोक्यावर घेतील.

९ मार्च
पिल्लू जन्मलं की बाई त्याच्या तोंडावर तळहात सपाट ठेवतात. नाक हाताला लागलं तर बाद, नाही लागलं तर खानदानी. मी म्हटलं, अशा नाकातून हवा जायची कुठून? आणि थोरलीला पुन्हा गाभण ठेवायलाच नको होतं, पोट फाडल्याशिवाय तिचं एकही बाळंतपण झालेलं नाही. त्या म्हणाल्या, म्हणून तर तुम्हाला ठेवलंय. मग समजूत घातल्यासारखं: अहो, तिला आवडतं आई व्हायला, पुढच्या माजालाही नर तयार आहे. तो नर तिचाच मुलगा. इतकं निर्लज्ज वाक्य इतक्या मायेने बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

१२ मार्च
नर मेला. गिऱ्हाइकापुढे अंगणात जरा पळवला, जीभ जांभळी पडली, संपला. बाईंनी पिंजरा धुवून घेतला आणि म्हणाल्या, थोरलीचा नातू आहेच.
संध्याकाळी त्या रिकाम्या पिंजऱ्यातून घोरणं ऐकू आलं. आत हात घातला. ओली फरशी, बाकी काही नाही. मग मनगटावर गरम श्वास.

१३ मार्च
बाईंनाही ऐकू येतं. म्हणाल्या, इथले जातात कुठे, होते सवय.

१५ मार्च
आता सगळ्या भिंतींतून. इथे मेलेले सगळे — थोरलीच्या पिंजऱ्याभोवती दाटी करतात. माझंही नाक चोंदलंय. सर्दी नाही. आईने फोनवर विचारलं, कोण घोरतंय गं तुझ्याजवळ. खोलीत मी एकटी —

१६ मार्च
भर दुपार. थोरलीचं पोट फाडलं. पिल्लं बाहेर दिली. दारापलीकडे बाई एकेकावर तळहात ठेवून हसतायत. घोरणं आत, टेबलाभोवती. पोटऱ्यांवर ओले श्वास. सगळे माझ्या हाताकडे बघत असावेत —

टाके झाले. आवाज एकेक करून थांबले. घशात नळी आहे, म्हणून थोरली मोकळा श्वास घेतेय, बहुधा आयुष्यात पहिल्यांदा.
एकच घरघर उरलीय. माझ्या छातीत —
बाई दार ठोठावतायत. विचारतायत, पुढचा माज कधी धरायचा.
धरायचा नाही. पिशवी मी काढून टाकलीय. बादलीत आहे. मुलगा, नातू, कुणालाही आणा, आता ती कधीच —