पहिल्या बोयाचा दगड

गेल्या वर्षी वादळी वाऱ्यांचा मोसम सुरू झाला त्याच आठवड्यात, एका सकाळी मी देवाचे नाव घेऊन होडी पाण्यात ढकलली आणि खाडीच्या तोंडाकडे वल्हवत निघालो. रात्री वारा फार झाला होता. हौसेने शिडाच्या होड्या घेऊन फिरणारे लोक आमच्या खाडीत मुक्कामाला येतात. त्यांच्या होड्या बांधायला पाण्यावर बोये सोडलेले आहेत, प्रत्येक बोयाखाली साखळी आणि साखळीखाली तळाशी दगड. ते बोये पाहायचे आणि मुक्काम करणाऱ्यांकडून भाडे घ्यायचे, हे माझे रोजचे काम. त्या सकाळी सर्वांत बाहेरचा, पहिला बोया जागेवर नव्हता. तो पलीकडच्या खडकांत दिसला. एका होडीच्या नाकाशी तो अजून बांधलेलाच होता आणि होडी कुशीवर पडली होती. दोर सुटला नव्हता. गाठ उत्तम होती. साखळीही तुटली नव्हती. तळाचा दगडच रात्रभर चालत गेला होता.

हे मृत्युपत्र त्या सकाळमुळे लिहिले जात आहे, म्हणून तिला पहिली जागा दिली. वकिलांनी सांगितलेली सुरुवात आता करतो.

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, गावच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, धंदा बोयांची देखभाल, धक्क्यावर 'दगडदादा' या नावाने ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दडपणाशिवाय आणि कोणावरही राग न धरता माझ्या मालमत्तेची पुढीलप्रमाणे व्यवस्था लावत आहे. (एवढे वाचून बायको म्हणाली, "राग न धरता? मग भाऊजींबद्दल लिहिलेली पानं कुठे लपवणार आहात?" म्हणून दुरुस्ती करतो: थोडा राग आहे. हात मात्र स्थिर आहे.)

कलम पहिले. राहते घर, त्यातील सामानासह, माझ्या पश्चात बायकोचे. मागचे दार दमट हवेत फुगते, त्याला रंधा मारायचा राहून गेला आहे, तो सुताराकडून मारून घ्यावा. वरची खोली धाकटा भाऊ कार्यालयासाठी मागेल. देऊ नये. त्या खिडकीतून खाडीचे तोंड दिसते आणि तिथे बोयांच्या भाड्याचा दर ठरवणारा माणूस बसला, तर तो बाहेर पाहणार नाही.

कलम दुसरे. बँकेतील शिल्लक. तिच्यातून सर्वांत आधी पहिल्या बोयासाठी नवा जड दगड आणि नवी साखळी घ्यावी. तो तळाशी टाकण्यासाठी बार्जवाल्याला मी आगाऊ रक्कम दिलेली आहे. त्याचे बार्ज, म्हणजे जड ओझी उचलणारी सपाट बोट, दुसऱ्या बंदरात कामाला लागले आहे आणि वारे पडल्याशिवाय तिकडून निघणार नाही. उरलेल्या रकमेचे दोन भाग करावे, एक बायकोला, एक लेकीला. लेकीने "मला काही नको" असे म्हणू नये. ते ती लहानपणापासून म्हणते आणि नंतर आईच्या कपाटातून घेते.

कलम तिसरे लिहिण्याआधी आमच्या वडिलांच्या मृत्युपत्राबद्दल सांगणे भाग आहे.

बाबांना दोन्ही मुलांवर सारखीच माया होती, म्हणून त्यांनी धंद्याचे दोन तुकडे केले. दगड, साखळ्या आणि त्यांची राखण थोरल्याकडे. परवाना, हिशेब आणि दर ठरवण्याचा हक्क धाकट्याकडे. धाकट्याचे डोके आकड्यांत चालते, माझे पाण्यात, हे त्यांनी बरोबर ओळखले होते. पण दर आणि दगड एकमेकांशी बोलतात, हे त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांच्या काळी दोन्ही एकाच माणसाकडे होते. ते आतल्या आत बोलणे होते, बाहेर कोणाला ऐकू येत नव्हते.

भाडे कमी होते तेव्हा येणारा प्रत्येक जण लांबूनच मला हाक मारायचा. मी होडीने जवळ जायचो, त्याच्या होडीचा बोजा पाहायचो आणि सांगायचो, "इथे नको, आत लाल बोयाला जा. हा लहान होडीचा आहे." भाडे घेणे हे निमित्त होते. खरे काम हे सांगणे होते. पहिल्या बोयाखाली गिरणीचे तडकलेले जाते आहे. बाबांनी ते स्वतःच्या मासेमारीच्या लहान होडीसाठी टाकले, तेव्हा मी काठावर दोर धरून उभा होतो आणि धाकटा पाळण्यात होता.

धाकट्याने दर वाढवला. का वाढवला तेही लिहितो, नाहीतर अन्याय होईल. परवान्याची फी वाढली, विम्याचा हप्ता वाढला, आजूबाजूच्या खाड्यांनी दर वाढवले. मग त्याने बाबांचे बार्ज विकले आणि धक्क्यावर पैसे भरायचे यंत्र बसवले. पैसेवाले यंत्रात पैसे भरू लागले, त्यांचे ठीक चालले. पण जुन्या होड्यांना ठिगळे लावून फिरणारे पेन्शनर आणि नवराबायको, ज्यांचे आठवड्याचे जेवण आता एका रात्रीच्या बोयात जाते, ते अंधार पडल्यावर दिवे घालवून येऊ लागले आणि उजाडण्याआधी जाऊ लागले. माझ्या घरापासून सर्वांत लांब बोया पहिला. म्हणून ते त्यालाच बांधतात. ज्यांची होडी सर्वांत जुनी आणि बोजड, त्यांच्या वाट्याला सर्वांत हलका दगड.

हे मी धाकट्याला त्याच्या कार्यालयात जाऊन सांगितले.

"दादा, शिडाची होडी बाळगणारा माणूस भाड्याला घाबरतो, हे मला सांगू नकोस."

"भाड्याला नाही रे. मला घाबरतात आता. मी दिसलो की शीड फिरवतात."

"म्हणजे चोरच की."

"असू देत चोर. रात्री झोपतात तर आपल्याच दगडाच्या भरवशावर ना?"

तो हसला. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "बाबांनी टाकलेला दगड आहे तो. बाबांचा दगड हलतो, असं म्हणायचंय तुला?"

मी उठलो. बाबांचे नाव आले की आम्ही दोघेही गप्प बसतो. तो तेवढ्यासाठीच नाव घेतो.

त्या सकाळच्या होडीत निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको होती. दोघे वर्षानुवर्षे यायचे. मास्तर मला 'यजमान' म्हणायचे. मास्तरांना पाण्यातून काढले तेव्हा उशीर झालेला होता. मास्तरीणबाई धक्क्यावर माझ्या बायकोच्या शालीत बसल्या होत्या. म्हणाल्या, "मी म्हणत होते, यजमानांना हाक मारू. हे म्हणाले, कशाला उठवायचं त्यांना." थोड्या वेळाने त्यांनीच पुढे सांगितले, "खरं सांगू? पैसे वाचवायचे होते हो. परतीच्या वाटेला डिझेल लागणार होतं."

चौकशी झाली. मुक्कामाची नोंद नव्हती, भाडे भरले नव्हते, तेव्हा जबाबदारी बांधणाऱ्याची, असा निर्णय झाला. धाकट्याने दुसऱ्याची बोट लावून जाते ओढत परत जागेवर आणले आणि बोयाला नवा रंग दिला. विम्याचा हप्ता पुन्हा वाढला, म्हणून दरही वाढला. दर वाढला म्हणून अंधारात येणारे वाढले. मी तो बोया दोनदा कापून काढला. दोन्ही वेळा धाकट्याच्या माणसांनी नवा लावला, कारण परवान्यातला एक बोया कमी झाला की तेवढे उत्पन्न कमी. मी त्यावर 'फक्त लहान होडीसाठी' असे रंगवले. अंधारात रंग कोण वाचतो?

कलम तिसरे. तळाचे सर्व दगड, साखळ्या आणि त्यांच्यावरचा माझा हक्क मी धाकट्या भावाला देत आहे. लेकीने आणि बायकोने वाईट वाटून घेऊ नये. त्याच्यावर खूश होऊन देत नाही. ज्याच्या हातात दर आहे त्याच्याच हातात दगडही यावा, एवढीच इच्छा. अट एकच: दर वर्षी मोसमाआधी साखळ्या वर घेतल्या जातील तेव्हा त्याने स्वतः बार्जवर उभे राहावे आणि प्रत्येक साखळीच्या झिजलेल्या कडीची जाडी स्वतःच्या हाताने मोजावी. माणूस पाठवू नये. ही अट मोडल्यास दगड लेकीकडे जावेत. बार्जवाला त्याचा साक्षीदार राहील आणि तो खोटे बोलत नाही. फक्त वेळेबद्दल बोलतो.

कलम चौथे. कड्या मोजायचे बाबांचे पितळी कॅलिपर धाकट्याला. त्याला ते लहानपणी हवे होते आणि मी दिले नव्हते. बाकी हत्यारे, पान्हे आणि करवत ज्याला कामाला येतील त्याने घ्यावीत. माझा रेनकोट कोणीही घालू नये, तो गळतो.

कलम पाचवे. मास्तरांनी मारलेली गाठ मी त्या दिवशी दोरासकट कापून ठेवली होती. वर्षभर ती स्वयंपाकघरात खिळ्याला होती. ती मास्तरीणबाईंना द्यायची होती, पण त्या या मृत्युपत्रावर साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वकील म्हणाले. म्हणून गेल्या आठवड्यात त्यांच्या हातात देऊन टाकली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, "गाठ मारण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता." ती कशी मारायची ते त्यांनी मला दोनदा दाखवले.

कलम सहावे. माझे काही बरेवाईट झाल्यास वारा पडेपर्यंत मला शोधायला कोणीही होडी काढू नये. बार्जवाल्याने तर मुळीच नाही. मी असेन तिथे देव असेल, घाई नाही. नंतर जे करायचे ते थोडक्यात करावे.

शेवटचे. रिकामी होडी पहिल्या बोयाला बांधून ठेवून पाहिली. येणारे तिच्याच कडेला दोर टाकतात आणि जात्यावर दोन होड्यांचा भार येतो. तिथे माणूस हवा. म्हणून नवा दगड पडेपर्यंत मी माझ्या होडीत, पहिल्या बोयावर राहायचे, हे मी गेले वर्षभर मनात म्हणत होतो; आजपासून राहतो आहे. अंधारात कोणी आले तर सांगायचे: "इथे नको, आत लाल बोयाला जा. भाड्याचं सकाळी बघू." माझी होडी बाबांच्या होडीएवढीच आहे. ते जाते त्याच मापासाठी टाकलेले होते. साध्या वाऱ्यात धरेल. मोठ्या वाऱ्याचे मला माहीत नाही, आणि बायकोला मी धरेलच असे सांगितलेले नाही.

तिने डबा, कंदील आणि दोन घोंगड्या दिल्या. म्हणाली, "तुमचं लग्न त्या दगडाशीच लावायला हवं होतं." मग बराच वेळ डब्याचे झाकण घट्ट करत राहिली.

बार्जवाला दोन्ही साक्षीदारांना, म्हणजे स्वतःला आणि मास्तरीणबाईंना, आपल्या मोटरबोटीतून इथे घेऊन आला. "आधी दगड टाकायचा की आधी मृत्युपत्र, ते एकदा ठरव दादा," म्हणाला. "दोन्हीला मलाच बोलावतोयस." कोणी हसले नाही. तोही नाही.

वरील सर्व मजकूर मी वाचून दाखवला आहे आणि तो माझा आहे. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले, मी त्यांना. वारा वाढतो आहे, त्यांना आता निघायला हवे.

सही: दगडदादा

साक्षीदार पहिला: बार्जवाला
साक्षीदार दुसरी: मास्तरीणबाई

ठिकाण: खाडीचे तोंड, होडीत
दिनांक: १७ ऑक्टोबर, दुपार

सहीखाली एकच ओळ वाढवतो, साक्षीदारांसमोर: होडी पहिल्या बोयाला बांधली आहे. गाठ मास्तरांची मारली आहे.