सात आठवडे निरंक

सोलापूर,
मंगळवार, १६ सप्टेंबर २०२५

प्रिय शिवलीलाअक्का,

शरणु. माझा आवाज ओळखलास की तू फोन ठेवतेस, म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राची निदान घडी तरी उघडावी लागते.

आम्ही बरे आहोत. हे चिंचोळीच्या कारखान्यात पाळीवर जातात, गुडघा मधूनमधून धरतो. घरात दोघंच, त्यामुळे भाजी रोज उरते. अंदाज अजून बदलता आलेला नाही. तुझी शुगर कशी आहे? चालायला जात जा.

काल तुझ्या दारावरून दोनदा गेले. दार लावलेलं होतं. चावडीसमोर तू आली नाहीस, म्हणून तिथे काय झालं ते मीच सांगते. भाऊजींनी सांगितलं असेल, पण त्यांच्याने सगळं सांगवलं नसणार.

गावाचा पुढच्या तीन वर्षांचा आरोग्य आराखडा माझ्याकडे आला, हे तुला माहीत आहे. गटप्रवर्तक झाल्यापासून वीस आशाताईंचं काम बघते, पण आपलं गाव मी कुणाला दिलं नाही. जूनपासून घरोघर फिरले. बायकांनी देवळासमोर रांगोळीने गावाचा नकाशा काढला आणि जिथे पाण्याची टाकी उघडी, तिथे हळदीची चिमूट टाकली. सगळ्यात जास्त हळद तुमच्या गल्लीत पडली. मला बरं वाटलं. आठवड्याला टाक्या रिकाम्या करायचा एक कोरडा दिवस, टाक्यांना जाळ्या, हौदात गप्पी मासे, सगळं रीतसर लिहिलं. चांगला आराखडा आहे अक्का, आरोग्य केंद्राचे डॉक्टरसाहेबही तसं म्हणाले. चौथं कलम मी एकाच माणसासाठी लिहिलं आहे, हे त्यांना कळलं नाही.

ते असं: आरोग्य समितीच्या अध्यक्षांनी दर सोमवारी चावडीसमोर तापाचा आकडा स्वतः मोठ्याने वाचावा. पहिल्या सोमवारी मी तयार केलेला २०१९ च्या डेंग्यूच्या साथीचा आढावा वाचावा, मृतांच्या नावांसह. अध्यक्ष म्हणजे सरपंच, आणि सरपंच पुन्हा भाऊजीच. "दानूनं केलंय म्हणजे बरोबरच असणार," म्हणून त्यांनी न वाचताच सही केली. सही कोरडी होईपर्यंत मी बघत उभी होते.

काल त्यांनी वाचायला घेतलं. पहिला आठवडा, प्रत्यक्ष ताप सहा, कागदावर निरंक. म्हणजे एकही नाही. दुसरा आठवडा, ताप अकरा, निरंक. असे सात आठवडे. तिसऱ्यालाच त्यांचा आवाज खाली गेला.

"मृत दोन. सिद्धम्मा..." म्हणून थांबले. सिद्धम्माची सासू, निंगव्वा, पुढेच बसली होती.

"आन दुसरं कोण?"

"एक लहान मूल होतं."

"मुलाला नाव न्हाय व्हय? मोठ्यानं वाचा की सरपंच, मला लई कमी ऐकू येतंय."

"वैष्णवी."

"कुणाची म्हणालात?"

"आमच्या साडूची, प्रभूची. मेव्हणीची."

मागून कुणीतरी म्हणालं, "मग भाची म्हणा की! आता का लांबची झाली?" लोक हसले. भाऊजींनी कागद तोंडासमोर धरला. अक्का, खोटं कशाला लिहू, मला गोड वाटलं. सहा वर्षांत इतकं गोड काही लागलं नव्हतं.

मग निंगव्वाने विचारलं, "आन ते निरंक लिवलं कुणी?"

मी उभी राहिले. "मी लिहिलं, आजी. तेव्हा आशा मीच होते."

"तू व्हय गं? माज्या सुनंच्या कपाळाला हात लावून ताप बघितलास, आन घरी जाऊन न्हाय म्हणून लिवलंस?"

व्हय म्हणाले.

डॉक्टरसाहेबांनी तिथेच नोटीस हातात दिली. खोटा अहवाल कुणाच्या सांगण्यावरून दिला, शुक्रवारपर्यंत लेखी कळवावं. काम जाणार, ते मी धरूनच चालले होते. त्याचं काही नाही.

पण एसटीची वाट बघत होते, तिथे भाऊजी आले. एकटेच. म्हणाले, "सहा वर्षं बोलत का न्हाईस ते आज कळलं. पण दानू, असं लिही म्हणून मी तुला कधी सांगितलं गं? कागदावर ताप नव्हता, म्हणून मी फवारणी मागितली नाही. मला वाटलं, दानू लिहितेय म्हणजे खरंच असणार."

त्यांचं बरोबर होतं. सांगायला ते कधीच आले नव्हते. तू आली होतीस.

त्या दिवशी तू कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आणलीस. पायरीवर बसून वैष्णवीची वेणी घातलीस, आणि वेणी घालता घालताच म्हणालीस, "दानू, स्वच्छ गावाच्या बक्षिसाची कमिटी येतेय. तीन आठवडे निरंक लिही की. आमच्या यांना काही सांगू नकोस, त्यांना खपायचं नाही. बक्षीस झालं की खरं लिही." मी म्हटलं, विचार करते. तू म्हणालीस, बहिणीसाठी कसला विचार? आणि तू जायच्या आधी, तुझ्यासमोरच मी पहिला कागद भरला. कमिटीची तारीख पुढे जात राहिली, तिनाचे सात झाले. सातव्या आठवड्यात मी निरंक लिहिलं, तेव्हा वैष्णवी माझ्या मांडीवर तापाने फणफणत होती. नऊ वर्षांची पोर. हे मी यांनाही सांगितलेलं नाही.

तुझ्यावर राग धरायचा तर लहानपणापासूनचं सगळंच मोडावं लागलं असतं. भाऊजी परके, त्यांच्यावर धरणं सोपं होतं. म्हणून त्यांना उभं केलं, गावासमोर तोंड लपवताना बघितलं, आणि एसटीत बसल्यावर कळलं की पत्ता चुकला.

आता तो दुरुस्त केला आहे. नोटिशीचं उत्तर आज सकाळी रजिस्टरने टाकलं. त्यात दोन नावं आहेत, पहिलं माझं आणि दुसरं तुझं. भाऊजींना काही माहीत नव्हतं, असं स्पष्ट लिहिलं आहे. हे उत्तर आढाव्याला जोडलं जाईल आणि येत्या सोमवारी चावडीसमोर वाचलं जाईल. वाचणार तेच.

हे पत्र तुला गुरुवारी मिळेल. त्याआधी त्यांना मी काही कळवणार नाही. मध्ये चार दिवस आहेत, तेवढ्यात तू त्यांना स्वतः सांगू शकतेस, किंवा त्यांच्या तोंडून तुझं नाव गावाबरोबर ऐकू शकतेस. मला तू एक संध्याकाळसुद्धा दिली नव्हतीस.

गोळ्या वेळेवर घे.

तुझीच, हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं आहे,
दानेश्वरी