बोकडाने पसंत केलेला रॉड

२ डिसेंबर
दानियलने आज माळ्यावरून रॉड काढला. आठ फुटी, समुद्रातल्या दांडग्या माशांसाठी घेतलेला. घेतला तेव्हा आम्ही मालवणला निघणारच होतो. मग लेकीचं कॉलेज, मग सासूबाईंचं आजारपण. आता त्याच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन. रॉडला अजून खारं पाणी लागलेलं नाही.
"रूथ, तू धर. मी बोटीत बसेन."
डॉक्टरांनी त्याचं जोर लावणं कायमचं बंद केलंय. इतकी वर्षं मुळा धरणावर शेजारी बसून गळ टाकले, पण मोठा मासा लागला की मी रॉड त्याच्या हातात द्यायचे. कुणी ठरवलं नव्हतं. तसं चालत आलं.
नाताळ झाला की निघायचं.

४ डिसें.
रॉड लांब वाटतो. बोलले नाही. दर दिवाळीला तो पुसून ठेवायचा हा रॉड.

७ डिसें.
दा. आंघोळीला गेला तेव्हा मालवणच्या नाखव्याला फोन केला. तो हसलाच. "लांब कित्याक, बाईनू? होडयेतसून लांब फेकूचा नाय. मासो सरळ खाली जाता."
खरंच की! धरणावर आपण काठावर. रॉड लांब तेवढा गळ दूर. त्याच सवयीने दा.ने हा निवडला. बोटीत मासा पायाखाली, आणि लांब रॉड म्हणजे तरफेचा लांब हात माशाकडे. शाळेत तरफ शिकवते मी! मान्य की, उशिरा सुचलं. पण सुचलं.
आता दा.ला सांगायचं कसं.

१० डिसें.
सांगितलं. दुसरा मागवलाय म्हटलं, सहा फुटाच्या आतला. बुडाकडे दणकट, शेंड्याला थोडा लवणारा. कड्या खाऱ्या पाण्याने न गंजणाऱ्या.
"माझा चांगला आहे." एवढंच म्हणाला. भाकरीचा शेवटचा तुकडा ताटात तसाच.
रॉडबद्दल बोलला, की स्वतःबद्दल?

१४ डिसें., रविवार
चर्चहून आलो, चहा झाला आणि कालच आलेल्या आखूड रॉडची परीक्षा घेतली. दा.च म्हणाला, दोन्ही रॉड लावून बघू. गच्ची ही बोट, अंगण समुद्र. मासा कुठून आणणार? शेजारच्या हौसाबाईंनी बोकड दिलं.
"आवो मास्तरीनबाई, मासं काय घास खात्यात व्हय?"
"तुमचं बोकड आज मासाच समजा, मावशी."
"समजते. पन लई तापट हाय त्यो. वरून खाली आला तुमी, तर मला बोल लावू नका."
बोकडाच्या छातीला पट्टा, पट्ट्याला दोरा. माझ्या पोटालाही पट्टा, त्यात रॉडचं बूड. हौसाबाई घासाची पेंढी दाखवत पुढे पळाल्या, मागून बोकड.
आठ फुटी: कठड्यावर ओढली गेले. कंबर, मनगटं, सगळं. दोरा सैल सोडावा लागला.
आखूड: वाकला, थरथरला, पण ओढ पोटाशी आली आणि मी उभी राहिले. गुडघे वाकवून चक्क उभी! बोकड थांबलं. वर बघून ओरडलं.
"हरला गं बाई माझा वाघ!" हौसाबाईंनी पेंढी त्याच्यापुढे टाकली.
दा. हसत होता. मग हसायचा थांबला आणि माझ्या हातांकडे बघत राहिला.

१५ डिसें.
सकाळी बघते तर त्याने आपल्या रॉडचं रीळ उतरवून माझ्या रॉडला चढवलेलं. डाव्या हाताने. एक स्क्रू तेवढा आवळायचा ठेवला होता, तो मी आवळला.

२६ डिसें.
काल घर भरून पाहुणे. दा. प्रत्येकाला रॉड दाखवत होता. "हिने निवडलाय. माझा चुकला होता." करंज्या तळताना ऐकलं. चुलीच्या धगीवर ढकललं, डोळ्यांत आलं ते.

२८ डिसें., मालवण
कोकर मासा लागला. आधी वाटलं गळ खडकात अडकला, मग खडक चालायला लागला. नाखवा ओरडत होता, "सोडू नकात, खडपात शिरतलो!" मी सोडलं नाही. हात भरून आले, तोंडात मीठ. सवयीने एकदा मान दा.कडे वळलीच. तो फळीवर बसलेला, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. "माझ्याकडे काय बघतेस? खाली बघ!"
वर आला. चंदेरी, रुंद, रागावलेला. दोन्ही हातांत मावेना. माझा मासा. परत लिहिते, माझा.
संध्याकाळी गोड्या पाण्याने रॉड धूत होते. दा. जवळ येऊन उभा राहिला.
"उद्या एकदा मी धरू? आखूड आहे. डाव्या काखेत दाबून जमेल."
"अहो, डॉक्टर काय म्हणाले?"
"डॉक्टर नगरला आहेत."
दोघंही हसलो. पण त्याने गंमत केली नव्हती, आणि मी हो म्हटलं नाही. नाहीसुद्धा म्हटलं नाही. इतकी वर्षं वाट बघितलेला समुद्र त्याचा. खांदाही त्याचाच.
पहाटे बोट आहे. तो भिंतीकडे तोंड करून पडलाय. श्वास झोपलेल्या माणसाचा नाही.